परत द्यायचा पगार

दर तीन महिन्यांनी माझ्या खात्यात अठरा हजार रुपये जमा व्हायचे आणि त्यातले सोळा हजार मी चार दिवसांच्या आत काढून परत द्यायचे. असं मी चार वेळा केलं. चौसष्ट हजार रुपये. हा आकडा मला अजून शांतपणे लिहिता येत नाही.

पैसे कुठले, ते आधी सांगते. सोलापुरातल्या एका नाट्यसंस्थेत मी काम करत होते. नाटक करणाऱ्या संस्थांना दिल्लीहून एक अनुदान मिळायचं. ते कलाकारांच्या पगारासाठीच असायचं. त्यातून नेपथ्य करायचं नाही, हॉलचं भाडं भरायचं नाही. आमच्या संस्थेच्या दहा कलाकारांची नावं त्यात होती. प्रत्येकाला महिन्याला सहा हजार, तेही संस्थेकडे नाही तर थेट कलाकाराच्या खात्यात. कुणी मध्ये हात घालू नये म्हणूनच तशी सोय केलेली असणार.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सरांचा निरोप यायचा : "सर्वांनी तालमीला येताना आठवणीने." काय आठवणीने, ते कधीच लिहिलेलं नसायचं. आम्ही सोळा हजार काढायचो, पाकिटात घालायचो, पाकिटावर आपलं नाव लिहायचो आणि सरांच्या टेबलावरच्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचो. मग अठरा हजार रुपये पूर्ण मिळाले, अशा पावतीवर महसुली तिकीट चिकटवून सही करायची. तिकीट थुंकीनं चिकटवायचं की पाण्यानं, यावर दर वेळी कुणीतरी विनोद करायचं. सगळे हसायचे. मीही हसायचे.

सर म्हणजे आमचे दिग्दर्शक. संस्था त्यांनी तीस वर्षं चालवलेली. त्यांच्याबद्दल मला फक्त वाईट लिहिता आलं असतं तर हे सगळं सोपं झालं असतं.

मी इंग्लिश मीडियमची. पप्पा होटगीला रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. आमच्या वस्तीतून नन्सच्या शाळेत गेलेली मी पहिली मुलगी. त्या शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी इंग्रजी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला एका मैत्रिणीबरोबर तालीम बघायला गेले. सरांनी माझ्या हातात एक कागद दिला आणि म्हणाले, "वाच." मी 'ळ'चा उच्चार 'ल' केला. सगळे हसले. सर हसले नाहीत. पुढचे आठ महिने त्यांनी माझ्याकडून रोज अर्धा तास मोठ्यानं वाचून घेतलं. तालमीची जागा म्हणजे बंद पडलेल्या यंत्रमागाची शेड. शेजारच्या शेडमधले माग चालू असायचे. त्या खडखडाटात माझा शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत पोचला पाहिजे, अशी त्यांची अट होती. मी लाजरी आहे, आजही आहे, पण त्या शेडमध्ये मला आवाज सापडला. हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही.

पण या गोष्टीत मी नुसती गरीब गाय नव्हते. अनुदानाचा अर्ज इंग्रजीत भरायचा होता. संस्थेत सलग चार वाक्यं इंग्रजीत लिहू शकणारी मी एकटीच. सर म्हणाले, "इंग्लिश मीडियम, तुझा काहीतरी उपयोग होऊ दे." मला किती बरं वाटलं होतं! तीन दुपारी बसून मी तो अर्ज लिहिला. दहा जणांची नावं, वयं, बँकेचे तपशील. 'कलाकाराला त्याच्या कामाचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे, असं आमची संस्था मानते', या अर्थाचं एक वाक्य मी त्यात घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते सुंदर वाटलं म्हणून. अर्ज मंजूर झाला, पेढे वाटले, आणि पहिले पैसे जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना गोल बसवून समजावलं की हॉलचं भाडं, लाइट, टेम्पो, नेपथ्य यांना अनुदान नाही, तेव्हा आपण सगळ्यांनी समजून घेऊ. दोन-दोन हजार प्रत्येकाने ठेवा, बाकीचे संस्थेला द्या. आधी तर तेही मिळत नव्हते.

हे शेवटचं वाक्य खरं होतं. आधी तर आम्हीच वर्गणी काढायचो. स्पर्धेच्या नाटकाला प्रत्येकी हजार, चहाचे वेगळे. त्यामुळे दोन हजार हातात राहिले तेव्हा आम्हाला कुणीतरी काहीतरी दिल्यासारखं वाटलं. स्वतःच्या अठरा हजारांतले दोन हजार घेऊन आम्ही सरांना थँक्यू म्हणालो. राग येतो तो इथे येतो.

पैशाच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणी समजायचे. फोनमध्ये माझा एक तक्ता होता. एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस मुलांना नाटक शिकवायचे, त्याचे तासाप्रमाणे पैसे. तेही परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यात बंद. स्वच्छतेची, मतदानाची पथनाट्यं असायची. एका साडीच्या दुकानाच्या सेलची जाहिरात मी पाचशे रुपयांत बोलले होते. ते रेकॉर्डिंग भोंगा लावलेल्या रिक्षातून तीन दिवाळ्या सोलापूरभर फिरलं. पार्क चौकात पाणीपुरी खाताना माझाच आवाज माझ्या शेजारून "त्वरा करा" म्हणत जायचा. पाचशेच्या वर एक रुपया आला नाही. मागितलाही नाही, मला मागता येत नाही.

तरी मी जमवत होते. रिक्षा टाळून चालत जायचे. कार्यक्रमाच्या साड्या मम्मीच्या आणि आत्याच्या. मेकअपचं सामान संस्थेतल्या मैत्रिणीबरोबर दोघींत एक. या हिशोबाने दोन वर्षांत तेवीस हजार साठले होते.

मग एक ईमेल आली. दुसऱ्या शहरातल्या एका अभिनयाच्या अभ्यासक्रमाला मी अर्ज केला होता, फारशी आशा न ठेवता. एक वर्षाचा कोर्स, राहायची सोय त्यांचीच. माझी निवड झाली होती. पहिला हप्ता अडतीस हजार, पंधरा तारखेच्या आत. नाही भरला तर जागा यादीतल्या पुढच्याला. उरलेली फी वर्षभरात त्यांच्याकडेच काम करून फेडता येत होती. सगळं त्या पहिल्या हप्त्यावर अडलं होतं. मला पंधरा हजार कमी पडत होते. त्याच आठवड्यात अनुदानाचे अठरा हजारही खात्यात आलेले होते. आणि खरं सांगते, ते वापरावेत असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ते माझे पैसे नव्हतेच ना. मी ठरवलं, पप्पांकडून पंधरा हजार उसने घ्यायचे.

पप्पांचं आणि माझं ठरलेलं होतं. बी.कॉम.पर्यंतची फी त्यांची. पुढचं माझं मी बघायचं. घराचं कर्ज त्यांच्या पगारातून कापलं जात होतं, हे मला माहीत होतं. म्हणून हात हलवत जायचं नाही, आपण किती जबाबदार आहोत ते दाखवायचं, असं ठरवून मी तक्त्याची प्रिंट काढली. रविवारी सकाळी पप्पा रात्रपाळी करून आले होते, अंघोळ करून बसले होते. मम्मीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं ठेवली होती. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला.

पप्पा कुठलाही कागद खालून वर वाचतात. आधी बेरीज, मग तपशील. रेल्वेची सवय असावी. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे अठरा हजार कशाचं?"

"संस्थेचं अनुदान. पगार."

"तुझा पगार?"

"हो. म्हणजे, नावाला."

बोट पुढच्या रकान्यात सरकलं. "आन् हे सोळा हजार 'इतर' म्हंजी काय? काय घेतलंस सोळा हजाराचं?"

मी सांगितलं. पाकीट, डबा, सगळे देतात, हॉलचं भाडं असतं, या वेळचे अजून द्यायचेत. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला. पप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"पगार परत देतीस?"

"सगळेच देतात, पप्पा. पद्धत आहे."

"किती टाइम दिलास?"

"चार."

"सही केलीस? अठरा मिळालं म्हनून?"

मी मान हलवली.

मला वाटलं होतं, ते सरांवर चिडतील. ते युनियनचे माणूस. एका पॉइंट्समनचा अडीचशे रुपये ओव्हरटाइम बुडाला म्हणून दोन दिवस साहेबाच्या केबिनबाहेर बसलेला माणूस. पण ते सरांबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

"माझ्या बापानं अंगठा उठवला," ते म्हणाले. "वाचता येत नव्हतं त्याला. मालक म्हनला, इतकं दिलं, लाव अंगठा. लावला. म्हनून तुला त्या शाळंत घातली. फी भरायला तुझ्या आईनं हातातलं इकलं. कशापायी? तर कुनी कागद पुढं केला तर पोरीला वाचता यावा. आन् तू वाचलास की. वाचलास, आन् इंग्लिशमधी सही ठोकलीस. मग अंगठ्यात आन् त्यात फरक काय?"

मम्मी म्हणाली, "अहो, जेवा की आधी."

"जेवतो. पर ह्ये पंधरा हजार मी देनार न्हाय." त्यांनी कागदाची घडी घालून माझ्याकडे सरकवली. "तुझ्या खात्यात अठरा हायत की. तुझा पगार लोकास्नी वाटायचा आन् माझा तू न्यायचा, व्हय? त्ये जमनार न्हाय."

मी उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी मला पप्पांचा इतका राग आला होता की दात दुखले. कला त्यांना काय कळते, असं मनात म्हणाले. पगारी माणूस, पहिल्या तारखेला पैसे येतात, यांना काय कळणार संस्था म्हणजे काय. हे सगळं मी इंग्रजीत म्हणत होते. मनातल्या मनात चिडले की मला इंग्रजीच सुचतं. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या वाक्यांतली हवा गेली. शिल्लक राहिला तो त्यांचा प्रश्न. फरक काय?

मंगळवारी तालीम होती. मी रिकाम्या हाताने गेले.

एक वाक्य मी घोकलं होतं : "सर, या वेळी मला पैशांची गरज आहे, मी देऊ शकत नाही." साधं, नम्र. सरांनी डब्यातली पाकिटं टेबलावर ओतली आणि नावं वाचत एकावर एक ठेवली. नऊ झाली. त्यांनी चष्मा वर केला.

"कोण राहिलं?"

सगळ्यांना माहीत असतं कोण राहिलं ते. वीज कंपनीत नोकरी करणारा आमचा एक नट होता, त्याला पैशांची कधी अडचण नसायची. तो म्हणाला, "मॅडम विसरल्या वाटतं. एटीएमला इंग्लिश येत नसंल."

हशा पिकला. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठं. बाहेर आलं ते भलतंच.

"सर, इट्स माय सॅलरी."

"आली बगा राणी," मागून कुणीतरी म्हणालं.

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मराठीत बोल."

"माझा पगार आहे तो, सर. मी देणार नाही."

"बरं. मग हॉल कोण भरणार? तुझे पप्पा?"

"पगारातून हॉल नाही भरता येत, सर. अर्जात तसं लिहिलंय."

"अर्जात!" त्यांचा आवाज चढला. "अर्ज लिहिलास म्हणून संस्था चालवायला शिकवतेस मला? मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून नाटकं केलीत. तीस वर्षं. एक रुपया खाल्ला असेल तर हात झडेल माझा."

हे खरं होतं. त्यांनी पैसे खाल्ले असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. त्यांचा शर्ट, त्यांची स्कूटर बघितली की कळतं. पण माणूस स्वतः उपाशी राहतो म्हणून त्याला दुसऱ्याच्या ताटातली भाकरी उचलायचा हक्क कसा मिळतो? त्यांनी पाटल्या ठेवल्या तेव्हा बायकोला विचारलं होतं का, हे मला विचारायचं होतं. विचारलं नाही. ते आता लिहिते आहे.

मग ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला 'ळ' म्हणता येत नव्हता. आठ महिने रोज अर्धा तास. त्याची फी घेतली का मी तुझ्याकडनं?"

शेजारच्या शेडमध्ये माग चालूच होते. मी खाली बघत उभी राहिले. तेव्हा मला अक्का दिसली.

अक्का आमच्या नाटकात आईची कामं करायची. पन्नाशीची. विणकर घरातली, घरात तेलुगू बोलणारी. पण रंगमंचावर तिच्या मराठीला हात लावेल असं आमच्यात कुणी नव्हतं. दिवसभर ती टॉवेलच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची, डझनावर पैसे. शिवून शिवून तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर वाकडं झालं होतं. आमच्यात सहा हजार रुपये महिन्याची सगळ्यात जास्त गरज कुणाला असेल तर तिला. मला वाटलं, निदान ही तरी काही बोलेल. ती पुढे आली आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "दे की गं. कशाला तमाशा? आमी बी दिलंच की. एवढं काय सोनं लागलंय तुझ्या पगाराला?"

सरांपेक्षा तिचा राग मला जास्त आला. नऊ पाकिटांत तिचंही होतं. माझ्याइतकीच रक्कम, आणि ते देताना तिच्या चेहऱ्यावर इतकंसुद्धा काही हललं नव्हतं.

मी दंड सोडवून घेतला. सर टेबलाकडे वळले. "राहू दे तिच्याकडं. सुखात खा म्हणावं. उद्यापासून यायची गरज नाही." मग ते वीज कंपनीवाल्याच्या बहिणीकडे बघून म्हणाले, "तू वाचायला घे तिचा रोल." पाच महिने बसवलेली भूमिका. ती मुलगी लगेच संहितेची पानं उलटायला लागली. तिलाही मी दोष देत नाही. थोडा देते.

बुधवारी सकाळी मी अडतीस हजार भरले. पावती आली. पप्पांना फोनवर दाखवली. त्यांनी ती खालून वर वाचली आणि म्हणाले, "ब्येस."

संस्थेच्या ग्रुपमधून मला काढलं. दोन दिवसांत शहरातल्या नाटकवाल्यांत पसरलं की मी संस्थेचे पैसे खाल्ले. ज्या शाळेत मी शिकवायचे तिथल्या बाईंनीही विचारलं, "काही प्रॉब्लेम झाला का गं तिथं?" स्वतःचा पगार स्वतःकडे ठेवला तर तो घोटाळा, चार वेळा खोट्या पावतीवर सही केली तेव्हा मी गुणी मुलगी होते. मी कुणाला काही समजावत बसले नाही. मला जमतही नाही. रात्री दिवा मालवून उत्तरं तयार करायची आणि सकाळी कुणी भेटलं की "नाही, तसं काही नाही," म्हणून पुढे जायचं, हा माझा स्वभाव.

निघायच्या तीन दिवस आधी मी नवी पेठेत गादी आणि बादली घ्यायला निघाले होते. फी जाऊन खात्यात तीन हजार उरले होते, ते मी काढून पर्समध्ये ठेवले होते. शेअर रिक्षात बसले आणि पुढच्या चौकात अक्का चढली. मला बघून उतरेल असं वाटलं. ती शेजारी बसली. टॉवेलचं एक गाठोडं मांडीवर.

मग ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "कवा जायची?"

"शनिवारी."

"बरं हाय. जा. शिक." मग गाठोडं सारखं करत, "तुझं पैसं आमच्यातनं कापलं, ठाव हाय का?"

मला कळलंच नाही. "माझे?"

"तुझं सोळा आलं न्हाय की. मग सर म्हनले, खड्डा कुनी भरायचा? समद्यांनी मिळून. दोन-दोन हजार जे उरतं की आमच्याकडं, त्ये बी घेतलं ह्या टायमाला." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "तू ठेवलीस गं बाई सोळा. माझ्याकडं काय ठेवलीस? पोरीच्या कालेजची फी भरायची होती मला त्यातनं."

रिक्षात आणखी दोन बायका होत्या, त्या ऐकत होत्या. माझे कान तापले. डोक्यात गणित मात्र आपोआप झालं. नऊ जणांचे दोन-दोन हजार म्हणजे अठरा. माझे कमी पडले सोळा.

"अक्का, नऊ जणांचे अठरा होतात. मग वरचे दोन हजार?"

"चहाला," ती म्हणाली. "आमी इचारलं न्हाय."

"का नाही विचारलं?"

"तू चार डाव इचारलीस का?"

तिला हे मला विचारता येतं, मग सरांना का नाही? दोन हजार गेले तर ती मला पकडणार. सोळा गेले तेव्हा पाकिटावर सुबक अक्षरात नाव लिहिणार. जो घेतो त्याच्याशी भांडायचं नाही, जी देत नाही तिच्याशी भांडायचं. रिक्षात सगळ्यांसमोर ओरडावंसं वाटलं. शेवटच्या भिंतीपर्यंत आवाज पोचवायला शिकलेली मी, दीड फुटावर बसलेल्या बाईला एक शब्द बोलू शकले नाही. तिच्या त्या वाकड्या अंगठ्याकडे बघत बसले.

मग मी पर्स उघडली आणि दोन हजार काढून तिच्यापुढे धरले. ते द्यायला नको होते, हे देतानाच मला कळत होतं. ते माझं देणं नव्हतं.

मला वाटलं, ती नाही म्हणेल. नाटकात आईचं काम करणारी ती; अशा प्रसंगात आई कशी डोळ्यांत पाणी आणून हात मागे सारते, ते तिनं शंभर वेळा करून दाखवलं होतं.

"देतीस? दे," ती म्हणाली. नोटा तिनं मोजल्या, दोनदा, चार घड्या करून ब्लाउजमधल्या पाकिटात ठेवल्या. "बाकीच्यास्नी सांगू नको. मागं लागतील."

"नाही सांगणार. पण पुढच्या वेळी पाकीट नका देऊ, अक्का."

ती खळखळून हसली. "आन् मंग काम कोन दील मला? तू?"

तिचा चौक आला. गाठोडं सावरत ती उतरली, स्वतःचे वीस रुपये रिक्षावाल्याला दिले आणि बोळात शिरली. मागे वळून बघितलं नाही. मी हजार रुपये घेऊन पेठेत उतरले. त्यात गादी आली नाही. एक सतरंजी घेतली, बादली घेतली.

उरलेल्या आठ जणांचे पैसे मी दिलेले नाहीत आणि देणार नाही. ते मी घेतलेलेच नाहीत. ज्याने घेतले त्याचं नाव त्या आठही जणांना माहीत आहे.